शमीखालची झाडलोट

दसरा गुरुवारी होता. आम्ही तो रविवारी केला, कारण पंचांग काहीही म्हणो, दुबईत आमचे सगळे सण सुट्टीच्या दिवशी येतात. इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी मी. गेली अकरा वर्षं मीच आहे. निवडणूक दरवर्षी होते आणि दुसरं कुणी उभं राहत नाही, त्यामुळे स्वतःच्या लोकप्रियतेबद्दल माझा थोडा गैरसमज झालेला आहे.

त्या रविवारी मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल फार आशा राहायला नको. माझ्या बायकोनं तीन वर्षं ज्या जमिनीला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, ती जमीन मी बावीस माणसं आणि सहा खराटे घेऊन दोन तासांत लख्ख झाडून काढली. अकरा पिशव्या पालापाचोळा भरला. वर सडा घातला, रांगोळी काढली, हात जोडले आणि समाधानानं घरी आलो. करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नाही. माझा मारुतीसुद्धा धड झाला नाही.

माझी बायको साधना. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून तिनं माती या विषयात एम.एस्सी. केलं, पहिल्या नंबरानं. मग माझ्याशी लग्न केलं. माझी कंपनी मोठमोठ्या इमारतींना थंड हवेची यंत्रं पुरवते. कंपनीनं मला आधी मस्कतला पाठवलं, मग दोह्याला, मग इथे. मस्कतला साधनाला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि आठ महिन्यांत आम्ही हललो. दोह्याला ती एका नर्सरीत खतामातीचं बघायला लागली, तोवर माझी बदली आली. दुबईत आमची मुलगी अवनी लहान होती, मग अवनीची शाळा, मग माझ्या आईचं आजारपण. बावीस वर्षांनी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या सल्लागार कंपनीनं तिला घेतलं. ऑफिस चौतिसाव्या मजल्यावर. माती बघायला चौतीस मजले उतरावे लागतात, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. ती हसली होती, पण बेतानं.

तिचं पहिलं आणि एकुलतं मोठं काम म्हणजे अबू राशिद यांची जमीन. अजमान म्हटलं की लोकांना समुद्राकाठच्या स्वस्त भाड्याच्या इमारती आठवतात, पण अजमानचा एक तुकडा आत डोंगराच्या पायथ्याशीही आहे. तिथे या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांच्या वाडवडिलांची जमीन आणि तिच्यावर शे-सव्वाशे जुनी गाफची झाडं. गाफ म्हणजे आपली शमी, जिला आपल्याकडे सौंदडही म्हणतात. साधनानं हे मला सांगितलं तेव्हा परक्या गावात सख्खा मामा भेटावा तसा आनंद मला झाला होता.

पण झाडं सगळी म्हातारी. अबू राशिद म्हणायचे, माझी चाळिशी उलटल्यापासून इथे एकही गाफ आपणहून उगवलेला पाहिला नाही. त्यांच्या मुलांना जमीन सपाट करून हवी होती. हिरवळ, पाण्याच्या नळ्या, भाड्यानं द्यायला तंबू. म्हाताऱ्यानं मधला मार्ग काढला. साधनाला तीन वर्षं दिली. या मुदतीत जमिनीनं आपणहून काही करून दाखवलं तर ठीक, नाहीतर यंदाच्या डिसेंबरात मुलांचा बुलडोझर.

साधनानं नऊ चौकोन आखले. तीन उंटांना मोकळे ठेवले, नेहमीसारखे. तीन बागेसारखे: कुंपण, रोज पाणी, आठवड्याला झाडलोट. उरलेल्या तिनांना नुसतं कुंपण, बाकी काही नाही. पाणी नाही, खत नाही, पडलेलं पान उचलायचं नाही. या तिघांची नावं सी-वन, सी-टू आणि सी-थ्री. दर शनिवारी मी तिला गाडीनं घेऊन जायचो आणि ती जमिनीत लोखंडी कडं ठोकून, त्यात पाणी ओतून, ते जिरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायची. चहाच्या पिशव्या मातीत पुरायची आणि तीन महिन्यांनी उकरून वजन करायची. मातीनं किती खाल्लं, ते त्यावरून कळतं म्हणे. आमच्या घरातला महागडा ग्रीन टी असा अजमानच्या मातीनं प्यायला. मी गाडीत एसी लावून क्रिकेट बघायचो.

सप्टेंबरमध्ये माझ्या साहेबांनी मला रियाधची मोठी जागा देऊ केली. जानेवारीपासून. मी घरी येऊन साधनाला सांगितलं, "मॅनेजमेंटने ऑलमोस्ट फायनल केलंय. मी हो म्हटलंय."

"माझा रिपोर्ट डिसेंबरात आहे," ती म्हणाली.

"मग जानेवारीतच जायचंय की! तुझा रिपोर्ट झाल्यावर."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, पटलं.

आता दसऱ्याकडे येतो. जमिनीवर येऊन झाडाला नमस्कार करायची परवानगी साधनानंच अबू राशिदकडून काढली होती. पण आदल्या दिवशी तिला ताप भरला. रविवारी सकाळी पांघरुणातून तिनं मला बजावलं, "फाटकाजवळच्या झाडाला नमस्कार करा आणि या. कुंपणाच्या आत कुणी जायचं नाही." मी ऐकलं. ऐकण्यात माझी कधीच चूक नसते.

फाटकाजवळचं झाड पाहून मंडळाचा चेहरा उतरला. उंटाची मान पोचते तिथवर सगळं ओरबाडलेलं, वर छत्री तेवढी शिल्लक. खाली लेंड्यांचा थर. आमची खजिनदार मैथिली नऊवारी नेसून आली होती. ती म्हणाली, "दादा, इथे नैवेद्य ठेवायचा? ऑनेस्टली?"

आणि पन्नास पावलांवर, कुंपणाच्या आत, सी-थ्रीची शमी उभी होती. फांद्या थेट जमिनीला टेकलेल्या, हिरवीगार, आमच्या गावच्या देवळामागे असायची तशी. कुंपणाची किल्ली माझ्या जुडग्यात होती. मी मनाशी म्हटलं, कुंपण उंटांसाठी आहे, माणसांसाठी थोडंच आहे? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे वाक्य त्या वेळी मला दुसऱ्या कुणाबद्दल तरी सुचलं असतं.

आत झाडाखाली पाल्याचा घोटाभर थर. शेंगा, काटक्या, मुंग्यांची वारुळं, मध्येच कसलंसं वाळकं गवत. पूजेच्या जागी असा केर? मराठी माणूस देवापुढे आधी झाडतो, मग बसतो. मैथिलीनं पदर खोचला आणि "चला, यल्ला!" म्हणून खराटे वाटले. खैरुद्दीन तिथे असता तर त्यानं आम्हाला फाटकाबाहेर काढलं असतं. खैरुद्दीन मूळचा श्रीवर्धनचा. सत्तावीस वर्षं या जमिनीवरचे उंट, पंप, फाटक सगळं तोच बघतो. पण त्या दिवशी तो नेमका आजारी उंटिणीला डॉक्टरकडे घेऊन गेला होता.

झाडता झाडता मैथिलीची नऊवारी एका काट्यात अडकली. बुंध्यापासून तीन हातांवर वीतभर उंचीचं एक काटेरी रोपटं होतं. भोवती पाच-सहा गोटे गोल मांडलेले. "दादा, हे काढा ना," ती म्हणाली. मी वाकून ओढलं. आलं नाही. रुमाल गुंडाळून दोन्ही हातांनी ओढलं. माझ्या कमरेत कळ आली, पण रोप तसूभर हललं नाही. सगळं मंडळ बघत होतं. तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून, हारांसाठी आणलेल्या कात्रीनं ते जमिनीलगत कापलं, वर पायानं माती दाबली आणि रोपटं हातात उंच धरून जाहीर केलं, "मुळासकट उपटलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी फोटो सगळ्या ग्रुपांवर गेले. घरच्याही. अवनी सतरा वर्षांची आहे. तिनं जेवताना फोन माझ्यासमोर धरला. "बाबा, इज दॅट मॉम्स प्लॉट?" फोटोत माझ्या डोक्यावर, कुंपणाला बांधलेली पाटी स्वच्छ दिसत होती. सी-थ्री.

साधनानं तो फोटो सकाळी पाहिला. ताप उतरला होता. अल बर्शातल्या आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ बसून ती फोटो दोन बोटांनी मोठा करत राहिली.

"इथे गोटे होते," ती म्हणाली.

"होते."

"त्यात रोप होतं. शमीचं. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तो भयंकर पाऊस झाला ना, त्यात उगवलेलं. नऊ चौकोनांत मिळून तेवढं एकच होतं, सूर्यकांत. मी अबू राशिदना अजून सांगितलं नव्हतं. डिसेंबरात दाखवणार होते."

"मला काय माहीत—"

"तुला सांगितलं होतं. जूनमध्ये. याच सोफ्यावर. तू 'हं, हं' म्हणालास."

आठवलं. मॅच चालू होती.

"कुणी काढलं?"

"कुणीतरी उपटलं असेल," मी म्हणालो. "बावीस जण होतो." इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं शेतावरची डायरी उघडली आणि लिहिलं, '५ ऑक्टोबर. सी-थ्री. मानवी हस्तक्षेप. पाला काढला. दोन बादल्या पाणी. रोप नष्ट.' मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

पुढचे दहा दिवस आमच्या घरात भाषा फक्त कामापुरती होती. तिनं जाऊन जागा पाहिली, पण माती उकरली नाही. हात लावायचा नाही हा तिचा स्वतःचाच नियम होता आणि माझ्यानंतर तरी तो पाळला जावा असं तिला वाटत होतं. मी मात्र भाजी आणत होतो, भांडी घासत होतो, विचारलं नसताना चहा करत होतो. गुन्हेगार असाच ओळखू येतो.

दहाव्या दिवशी स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो होतो.

"कॅन इट ग्रो बॅक?" अवनीनं विचारलं.

"मुळासकट उपटलं असेल तर खलास," साधना म्हणाली. "कुणी नुसतं वरून कापलं असतं तर गोष्ट वेगळी होती. शमी आधी खाली जाते, मग वर येते. वर वीतभर दिसतं, पण खाली मूळ तुझ्याएवढं असू शकतं."

मी उठलो तो पेपरासकट स्वयंपाकघराच्या दारात. "उपटलं नाही!"

दोघी बघत राहिल्या.

"मला उपटताच आलं नाही. खूप ओढलं. कमर धरली माझी. मग कापलं. हारांच्या कात्रीनं. मी कापलं, मीच."

"आणि उपटलं म्हणून का सांगितलंस?"

"मंडळ बघत होतं गं."

दहा दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू काही फार प्रेमाचं नव्हतं. अवनी म्हणाली, "वॉव, बाबा," आणि फ्रीजमधून दही काढून तिच्या खोलीत गेली.

शनिवारी आम्ही गेलो. साधनानं गुडघ्यांवर बसून दोन बोटांनी वरची माती बाजूला केली. पेन्सिलीएवढा खुंट होता, सरळ कापलेला.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "पाणी घालू? थोडं खत?"

"काही करायचं नाही."

खैरुद्दीन लांबून आला, अकरा पिशव्यांची एक ढकलगाडी ओढत. "साहेब, हा पाला मी टाकला नाय. बोललो, बाईंना लागेल." मी लगेच फावडं मागितलं. निदान हे तरी परत पसरून देऊ!

"नको," साधना म्हणाली. "खराट्यानं गेलं ते फावड्यानं परत येत नसतं. झाड टाकेल तेव्हा टाकेल."

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मला काहीतरी करायला हवं असतं. पण त्या दिवसापासून मी दर शनिवारी गाडीतून खाली उतरलो. घडीची खुर्ची कुंपणाबाहेर मांडून बसायचो आणि काही न करायचो. खैरुद्दीन येता-जाता विचारायचा, "साहेब, वॉचमनची ड्युटी लागली काय?" हातातल्या बाटलीतलं पाणी त्या खुंटावर ओतावं असं मला दर दहा मिनिटांनी वाटे. एकदा तर झाकण उघडलंही होतं. साधना चाळीस पावलांवर पाठमोरी होती. ती न वळताच म्हणाली, "झाकण लाव."

बसून बसून दिसायला लागतं. झाडलेल्या जमिनीवर पहिले पंधरा दिवस काहीच नव्हतं, मातीचं नुसतं टक्कल. मग वारा सुटला आणि शमीनं बारीक पिवळी पानं टाकायला सुरुवात केली. सावकाश टाकायची, चिल्लर मोजून दिल्यासारखी. त्या पानांच्या मागे मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागे एक सरडा आला आणि माझ्याकडे दुर्लक्ष करून राहू लागला. शेजारच्या बागेसारख्या चौकोनात रोज पाणी होतं, झाडलोट होती, आणि सरडा काही तिकडे जात नव्हता. साधना तीन वर्षं मला हेच सांगत होती. मी एसीत बसून 'हं, हं' म्हणत होतो.

नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी खुंटाच्या कडेला मला काहीतरी तांबूस दिसलं. मी चष्मा पुसला. उठलो, कुंपणाला नाक लावलं. मग फोन केला, कारण ती सी-वनला होती आणि माझा आवाज तिथवर पोचेल असं मला वाटेना.

"साधना. आलंय."

"किती?"

"दोन. एक कापलं होतं, दोन आलेत."

पलीकडे कडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हात लावू नकोस."

"नाही लावत," मी म्हणालो, आणि तिथेच कुंपणाची जाळी धरून रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, दोन पानांसाठी. खैरुद्दीननं पाहिलं आणि मुकाट्यानं उंटांकडे निघून गेला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अबू राशिद आले. राष्ट्रीय दिनाचे झेंडे अजून फाटकावर होते. सोबत थोरला मुलगा राशिद, कानाला फोन लावलेला. अबू राशिद तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे त्यांची हिंदी त्यांच्या मुलांच्या इंग्रजीपेक्षा बरी आहे. काठी टेकत ते साधनामागून चौकोन फिरले. तिनं त्यांच्यासमोर एकेका चौकोनात लोखंडी कडं ठोकलं आणि पाणी ओतलं. उंटांच्या चौकोनात पाणी अकरा मिनिटं तसंच साचून राहिलं. बागेसारख्या चौकोनात सात. सी-वनमध्ये दोन मिनिटांच्या आत गडप. सी-थ्रीमध्ये मात्र चार लागली.

"ये क्यों?" त्यांनी विचारलं.

"इधर का पत्ता झाड़ के निकाल दिया था, बाबा. पाँच अक्तूबर को. इसलिए मिट्टी सख़्त हो गई. रिपोर्ट में लिखा है."

तिच्या साहेबांनी ऑफिसात सुचवलं होतं की सी-थ्री रिपोर्टमधून गाळून टाकू, कुणाला कळणार आहे? ती नाही म्हणाली होती. आता मला कळत होतं की त्या एका ओळीनं तीन वर्षांवर पाणी पडू शकतं. राशिद फोन बाजूला घेऊन ऐकत होता.

म्हातारा रोपापाशी पोचला. बघितलं. काठी खैरुद्दीनकडे देऊन हळूहळू खाली बसला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. मग कपाळाला आठी पडली.

"कितने दिन का?"

"डेढ़ साल का, बाबा. अपने आप उगा है."

"डेढ़ साल में इतना ही? ऊँट घुसा था?"

खैरुद्दीन आभाळाकडे बघू लागला. साधनानं तोंड उघडलं. ती सांभाळून घेणार होती. 'मानवी हस्तक्षेप' म्हणणार होती, डायरीत लिहिलं होतं तसं, माझं नाव न घेता. गेली पंचवीस वर्षं ती तेच करत आली आहे.

"मैंने काटा," मी म्हणालो.

"तुम ने? क्यों?"

"पूजा के लिए सफ़ाई कर रहा था. कचरा समझा. मॅडम ने मना किया था. मैंने सुना नहीं. मेरी ग़लती है, इनके काम की नहीं."

राशिद अरबीत काहीतरी फटकन बोलला. ते मला कळलं नाही, पण समजलं. अबू राशिद माझ्याकडे वर बघत राहिले. मग हसले, दात नसलेलं, खोकल्यासारखं.

"ऊँट भी यही करता है," ते म्हणाले. "लेकिन ऊँट रोज़ आता है. तुम एक दिन आया, फिर छोड़ दिया. छोड़ दिया, इसलिए ये आया." त्यांनी खैरुद्दीनचा हात धरला, उठले आणि मुलाकडे वळून अरबीत बोलू लागले. शेवटी एक शब्द मला ओळखीचा आला. खलास.

खैरुद्दीननं मराठीत सांगितलं. "फाटकाकडचा तुकडा पोरांना. तंबू लावा, गवत लावा, कायपण करा. बाकी सगळ्याला कुंपण. उंट पाळीपाळीनं सोडायचे, एक बाजू चरली का दोन वर्षं तिकडे जायचं नाय. आणि बाई पाच वर्षं बघतील, तब्येत सांभाळा म्हणालेत."

साधनानं "शुक्रन, बाबा" म्हटलं आणि डायरी छातीशी धरली. मला तिच्याकडे बघवेना. आनंद झाला होता, खूप झाला होता. पण म्हाताऱ्याचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. ऊँट रोज़ आता है. मी एक दिवस आलो होतो, ते सी-थ्रीमध्ये. साधनाच्या आयुष्यात मी रोज येत होतो. मस्कत, दोहा, दुबई, आता रियाध. काही उगवलं की तोडायला आधी मीच. आणि दर वेळी मी हो म्हणून आल्यावरच तिला सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर, त्या दिवशी मुद्दाम बरोबर आलेली अवनी मागच्या सीटवर कानात बोंडं घालून झोपली होती. शारजाचे दिवे दिसू लागले तेव्हा मी म्हणालो, "सोमवारी रियाधला नाही म्हणून कळवतो."

साधनानं खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "हो म्हणताना मला विचारलं नव्हतंस."

"नव्हतं."

"नाही म्हणतानाही विचारत नाहीयेस."

मी गाडीचा वेग कमी केला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत पुढे गेला. माझं प्रमोशन जाणार होतं, साहेब वर्षभर तोंड वाकडं करणार होते, आणि यातलं काहीही मी तिच्यासाठी करतोय अशा सुरात सांगायची सोय तिनं ठेवली नव्हती. बरोबरच होतं तिचं.

"बरं," मी म्हणालो. "विचारतो. काय करू या?"

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. हा प्रश्न मी जेवणाखाण्यापलीकडे कधी विचारला असेल असं मला आठवत नाही. मला वाटलं, उशीर झाला. मग तिनं डायरी उघडली आणि गाडीच्या हलत्या उजेडात पुढच्या शनिवारची तारीख घातली.

"पाच वर्षं राहू या," ती म्हणाली. "आणि ती खुर्ची डिकीतून काढू नकोस. लागेल."